अण्णांची ट्रंक

"आम्ही चिपळूणला राहतो. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, वय 78. घराचे, जमिनीचे, बँकेचे सगळे कागद त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि किल्ली जानव्याला. विषय काढला की, 'माझ्या मरणाची घाई झालीय का?' नवरा म्हणतो, तू यात पडू नकोस. सासूबाईंना पेन्शन कुठल्या बँकेत येते तेही ठाऊक नाही. काय करू?"
— एक सून

अगं, मरणाचा विषय काढूच नकोस. तुझ्या गावात त्याहून चांगलं निमित्त आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, ते अण्णांनाही आठवत असेल. पावसाळ्याच्या तोंडावर एवढंच विचार, "अण्णा, ट्रंक माळ्यावर ठेवू या का? कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून देते."

त्याआधी स्वतःचे कागद लाव. तुझी पॉलिसी, नवऱ्याचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, सगळं एका फाइलीत, वर यादी. ती फाइल अण्णांपुढे ठेव आणि काही राहिलंय का विचार. निवृत्त मास्तर आहेत, चूक काढल्याशिवाय राहायचे नाहीत. चूक दाखवायला कदाचित स्वतःचीच फाइल उघडतील.

ट्रंक उघडली की सगळ्यात आधी सासूबाईंचं नाव बघ. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर सुमती, आधारवर सुमन आणि पेन्शनच्या कागदावर नुसतं 'सौ.' असले घोळ घरोघरी असतात. अण्णांच्या पेन्शन आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? जुळत नसेल तर आत्ताच अर्ज करायला लावा. अण्णा स्वतः जाऊन सही करू शकतात तोवर हे काम सोपं आहे. नंतर सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी 'ती मीच' हे प्रतिज्ञापत्रं करून सिद्ध करत बसावं लागेल, तेही पैशांची नड असताना. बँकेत जायचंच आहे तर खातं दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही आणि एक गेल्यावर दुसऱ्याला चालवता येईल असं, आहे का तेही विचारून घ्या.

बाकी कागदांचा फार बाऊ नको. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून मिळते. जपायचं ते ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते: हाताने लिहिलेलं इच्छापत्र, नोंदणी न झालेला करार, उसनवारीच्या चिठ्ठ्या. हे पिशवीत घालून वरच्या कप्प्यात. आणि मूळ दस्तांना हौसेने लॅमिनेशन करू नकोस, खालचा शिक्का तपासता येत नाही. फोटो काढून ठेव, पण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस.

किल्ली मात्र मागू नकोस. ती राहू दे जानव्याला. काय कुठे आहे याची एक पानी यादी अण्णांच्या अक्षरात सासूबाईंपाशी असली की पुरे. तुझ्यापाशी नको, त्यांच्यापाशीच.

आणि नणंद, दीर असतील तर हे सुरू करण्याआधी त्यांना फोन कर, तोही नवऱ्याला करायला लाव. सून ट्रंक उघडून बसलीय हे त्यांना शेजारच्या काकूंकडून कळलं, तर पुढची चार वर्षं तेच ऐकशील.