सोल-बुसानला रस्त्यावर काय खायचं : शाकाहारी आई, बीफ-पोर्क न खाणारे बाबा आणि ड्रामावेडी लेक

नोव्हेंबरात दक्षिण कोरियाला जाताय ना, मग वेळ झकास निवडलीय, थंडी पडायला लागली की तिकडच्या गाड्यांवर खरी मजा येते. तुम्ही विचारलंय की आई पूर्ण शाकाहारी, बाबा चिकन-मासे खातात पण बीफ-पोर्क नाही आणि लेकीला कोरियन ड्रामात दिसतं ते सगळं खायचंय, तर कसं जमवायचं. जमतं हो, आम्ही सोलजवळच्या सुवॉनला राहायचो तेव्हा भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं हेच असायचं.

आधी एक डोक्यात पक्कं करा, ताटात मांस दिसत नाही म्हणजे शाकाहारी असं तिथे समजायचं नाही. बघायचं ते पाणी. बहुतेक रस्से सुकवलेल्या बारीक मासळीच्या आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यावर करतात, किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट कोबीतसुद्धा बहुतेक वेळा खारवलेला जवळा नाहीतर फिश सॉस असतो. आणि 'मांस नको' सांगितलं की दुकानातल्या काकू अगदी मनापासून बीफचे तुकडे काढून देतात पण हॅम आणि फिशकेक (माशाच्या लगद्याच्या पट्ट्या) तसेच राहतात, कारण त्यांच्या हिशोबात ते मांसात धरतच नाहीत. त्यामुळे फोनवर कोरियन भाषेत यादीच लिहून ठेवा, बीफ, पोर्क, चिकन, मासे, सुकी मासळी, कोळंबी, हॅम, यातलं काहीही नको आणि यांचं पाणीही नको. बाबांसाठी दुसरी छोटी यादी.

आता खाणं. सोलमध्ये एकाच बाजारात जायचं असेल तर ग्वांगजांग मार्केट, १९०५ पासूनचं आहे, मेट्रोच्या लाइन १ वर जोंग्नो ५-गा स्टेशनला उतरायचं. तिथलं बिंदेत्तोक म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच, फक्त बोटभर जाड आणि तेलात पोहणारं. भिजवलेले सोललेले मूग तुमच्यासमोर दगडी जात्यावर दळत असतात, जातं मोटरवर फिरतं आणि बाजूने पिवळं पीठ बादलीत गळत असतं, त्यात मोड आलेले मूग, कांद्याची पात घालून तव्यावर डावाने पसरतात. कडा कुरकुरीत, आत मऊ, सोबत सोया-व्हिनेगरमधला कच्चा कांदा. बऱ्याच ठिकाणी पिठात पोर्कचा खिमा किंवा किमची असते, म्हणून यादी दाखवा, आणि शेजारीच वाटीएवढ्या गोल टिक्क्या तळलेल्या दिसतील त्या मांसाच्या, त्या नकोत. बसायची बाकडी थंडीत खालून गरम केलेली असतात, आईबाबा खूश होतील. भाव पाटीवर बघून मगच बसा. तिथेच बोटाएवढे छोटे किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे रोल मिळतात, गाजर आणि पिवळ्या मुळ्याचं लोणचं घातलेले, मोहरी-सोयाच्या चटणीत बुडवून खायचे. आत फिशकेकची पट्टी नाही ना एवढं बघून आईला द्या.

त्तोकबोक्की लेक सोडणार नाही. तांदळाच्या चिवट नळ्या, गोचुजांगचा, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या चटणीचा लाल रस्सा, दिसतो जहाल पण आपल्या जिभेला गोडच जास्त लागतो. आईला नको, पाणी मासळीचं आणि आत फिशकेक. बाबांना चालेल, पण त्याच गाडीवर काळपट सॉसेजसारखं सुंदे कापत असतात, ते डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेलं असतं, कात्री आणि पाट तोच असतो का बघा. बाबांसाठी खरी चीज म्हणजे ओमुक. माशाच्या लगद्याच्या पट्ट्या घड्या घालून काडीला खोवलेल्या, मुळा घातलेल्या गरम पाण्यात उभ्या. आपणच काडी उचलायची, शेवटी रिकाम्या काड्या मोजून पैसे द्यायचे आणि ते पाणी कागदी कपात ओतून प्यायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बुसानचा ओमुक जास्त नावाजलेला, तिथे भरपूर खाऊ दे त्यांना.

आईला गोडात हात आखडायची गरज नाही. बुंगओप्पांग दिसतो माशासारखा पण तो नुसता साचा, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण, कस्टर्डवालाही असतो. पिठात अंडं आहे का तेवढं विचारा. होत्तोक म्हणजे गोड सारणाची जाड पोळी, गरम खायचा पण जपून, आतली ब्राऊन शुगर आणि दालचिनी पार वितळलेली असते, पहिल्याच घासाला जीभ भाजते. बुसानला नाम्पोदोंगच्या बिफ चौकात (हे चित्रपट महोत्सवाचं नाव, बीफ नव्हे) तोच होत्तोक तळून, कात्रीने पोट फाडून आत सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया ठासून भरून देतात, मला सोलच्यापेक्षा हा कितीतरी जास्त आवडतो. भाजलेली रताळी आणि चेस्टनट डोळे झाकून घ्या. पोटभरीला लाल भोपळ्याची खीर, होबाकजुक. बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, मांस आणि अंडं काढून मिळतो, पण कधीकधी गोचुजांगमध्येच बीफ परतलेलं असतं, तेही विचारा.

आईंना एक जेवण नीट शांतपणे द्यायचं असेल तर जोग्येसा मंदिरासमोर बालू गोंग्यांग आहे, बौद्ध मठातलं जेवण, कांदा-लसूणही नाही. महाग आहे, बुकिंग आधी करा. माझ्या मते सोलमधला सगळ्यात वसूल खर्च.

बाबांना थंडीत साम्ग्येतांग द्या, छोटी अख्खी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग, लसूण, खजुरासारखं एक फळ, मसाला जवळपास नाहीच, मीठ आपण लावून खायचं. सुवॉनचा किल्ला बघायला जाणार असाल तर पाल्दाल दरवाज्याजवळ कढईत अख्खी कोंबडी तळणाऱ्यांची गल्लीच आहे. मांदू (मोमोसारखे) मात्र बहुतेक पोर्कचे. बुसानला जागाल्ची बाजारात खाली मासा निवडायचा, वरच्या मजल्यावर करून देतात, फक्त न सांगता कच्चाच कापून येतो, भाजून हवा असेल तर आधीच बोला.

लेकीला सोलच्या म्यॉंगदोंग बाजारात एक संध्याकाळ फिरवा, पण पोट भरायला नको, चीज लावलेला लॉबस्टर वगैरे फोटोपुरताच आणि भाव अव्वाच्या सव्वा. तिला हान नदीकाठच्या दुकानात मशीनवर शिजवलेलं राम्योन (पाकिटातल्या नूडल्स) जास्त आवडेल, ड्रामात तेच दाखवतात. बहुतेक पाकिटांत बीफ असतं, आईसाठी ओत्तोगी कंपनीचं छेह्वांग शोधा, ते पूर्ण शाकाहारी आहे.

हजार-हजार वॉनच्या नोटा जवळ ठेवा, बऱ्याच छोट्या गाडीवाल्यांकडे कार्ड चालत नाही, पुठ्ठ्यावर बँकेचा खातेनंबर लिहिलेला असतो आणि तो आपल्या काही कामाचा नाही. टिप कुठेच द्यायची नाही. जेजू बेटावर पण जाणार असाल तर सांगा, तिकडचं वेगळं लिहिते.