टेबल सॉ नवीन घेतलाय ना, मग आधी हे वाच

अरे, टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड सरकवून कापायचं मशीन, त्यात सगळ्यात आधी किकबॅक समजून घे. लाकूड कापताना ते ब्लेडच्या मागच्या बाजूला, जिथे दाते खालून वर येतात तिथे घासलं किंवा कापलेली फट आवळली की तुकडा सरळ तुझ्या अंगावर येतो, आणि इतक्या पटकन की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून ब्लेडमागची ती पातळ पट्टी, रायव्हिंग नाइफ, काढून ठेवू नकोस, ती फट मिटू देत नाही. आपल्याकडे प्लायच्या टेबलाखाली हातात धरायचा गोल ब्लेडचा कटर उलटा बसवून काम चालवतात, त्याला ना नाइफ ना गार्ड (ब्लेडवरचं झाकण), नवख्याने त्याच्या नादाला लागूच नये बाबा.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची बाजूची पट्टी, ब्लेडला समांतर हवी, मागे जरा जरी आत झुकली तरी लाकूड चेपतं. उभा राहशील तो ब्लेडच्या रेषेत नाही, थोडा बाजूला. अरुंद पट्टी कापायची असेल तर पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) वापर, आणि ती आधीच हाताशी ठेव. हातमोजे अजिबात नकोत, दात्यात अडकले तर हात आत ओढतात. सेफ्टी चष्मा मात्र घालच. आणि ब्लेड बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढ.