रायफलवरची जुनी लांब टार्गेट दुर्बीण ठेवावी की काढून नवी बसवावी?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या आजोबांकडून विंचेस्टर ५२ ही टार्गेट रायफल घेतली, तिच्यावर अनर्टल कंपनीची जवळपास दोन फुटी जुनी दुर्बीण आहे, आणि शंभर यार्डांच्या सामन्यांसाठी ती ठेवावी की नवी घ्यावी हे ठरत नाहीये. मी ओहायोत बरीच वर्षं पॉइंट टू-टूचे (छोट्या .२२ काडतुसाचे) प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायचे, सामने खेळतोय, दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी माझ्याकडे आहेत. घाईनं काढू नका. निदान एक मोसम तिच्यावर खेळून बघा.

आधी ती चालते कशी ते समजून घ्या. आजच्या दुर्बिणीत नळी रायफलला घट्ट आवळलेली असते आणि तुम्ही नॉब फिरवलात की आतली छोटी नळी कलते. अनर्टल, फेकर, लायमन यांच्या जुन्या टार्गेट दुर्बिणींत आत काहीच हलत नाही, अख्खी दुर्बीणच हलते. पुढची रिंग नुसता आधार देते. मागच्या माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या पकडीत, वर एक आणि बाजूला एक असे दोन मायक्रोमीटर स्क्रू असतात, आणि त्यांच्या विरुद्ध बाजूनं एक स्प्रिंग नळीला त्यांच्यावर दाबून धरते. गोळी वर हवी असेल तर दुर्बिणीचं मागचं टोक वर न्यायचं. सगळं डोळ्यांदेखत घडतं. शिवाय तुम्ही कायम भिंगाच्या मधोमधच बघत असता, स्क्रू कितीही फिरवा. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून मारणारे) काही जण आजही नव्या दुर्बिणीचा आतला भाग पक्का करून टाकतात आणि बाहेरून हलणारे माउंट लावतात. जुनी कल्पना किती भक्कम होती याची मला तरी ही सर्वांत मोठी पावती वाटते.

आता एक काम आजच करा. माउंट ज्यांवर बसतात त्या रायफलवरच्या दोन्ही बेसमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ते ७.२ इंच असायला हवं. एका क्लिकला, म्हणजे फिरवण्याच्या एका टप्प्याला, स्क्रू इंचाचा दोन हजारावा भाग सरकतो, आणि ७.२ इंचांच्या अंतरावर त्याचा शंभर यार्डांवर बरोबर पाव इंच होतो. बेस ६.२ इंचांवर असतील तर तीच क्लिक ०.२९ इंचाची होते. शंभर यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ दोन इंचांचं आणि आतला एक्स एक इंचाचा, त्यामुळे चार-पाच क्लिक दिल्यावर हा फरक चांगलाच जाणवतो. दुर्बीण बिघडली समजून विकून टाकणारे मी पाहिलेत. चूक फक्त बेसच्या जागेची होती.

धक्क्यानं रायफल मागे येते, दुर्बीण मात्र जागीच राहते, म्हणजे माउंटमध्ये पुढे सरकलेली असते. मोठ्या काडतुसाला प्रत्येक गोळीनंतर ती हातानं मागे ओढावी लागते. पॉइंट टू-टूला ती जेमतेम हलते, पण हलते. माझ्या दुसऱ्याच सामन्यात मी सलग सहा गोळ्या तिला हात न लावता मारल्या. डोळा आणि भिंग यांतलं अंतर नकळत वाढत गेलं, चित्राच्या कडेनं काळी सावली आली आणि सातवी गोळी नवात गेली. तेव्हापासून गोळी मारून रायफलचा बोल्ट उघडला की डावा हात आपोआप नळीवर जातो.

नवी कुठे सरस आहे? उजेडात, आणि तिथे तुलनाच नाही. सकाळी टार्गेटच्या मागून ऊन येतं तेव्हा माझ्या पंधरा पटीच्या जुन्या लायमनमध्ये सगळं दुधाळ होतं, नव्या चाळीस पटीच्या दुर्बिणीत काळ्या भागातलं भोकसुद्धा दिसतं. भिंगांवरच्या लेपाची ही किमया. जुनीसोबत बाजूला स्पॉटिंग स्कोप (भोकं बघायची वेगळी दुर्बीण) ठेवावीच लागते. दुपारी मात्र उलटं होतं. कँप पेरीच्या रेंजवर एरी सरोवराच्या काठी जुलैत जमीन तापली की चाळीस पटीत टार्गेट उकळत्या पाण्यासारखं हलतं, पंधरा पटीत बरंच शांत दिसतं. त्या वेळी मी मुद्दाम जुनी लावतो.

ठेवण्याआधी भिंग तपासा. उजेडाकडे धरून कडेला इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तर भिंगांचा जोड सुटत चाललाय. तो माहीतगार माणसाकडूनच दुरुस्त करून घ्या, घरी उघडू नका. क्रॉसहेअरच्या (नेम धरायच्या उभ्या-आडव्या) तारा फार नाजूक असतात, फुंकरही घालू नका. मग रायफल पिशव्यांवर पक्की ठेवून डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. तारा टार्गेटवर सरकताना दिसल्या तर पुढच्या भिंगाची रिंग फिरवून पॅरॅलॅक्स काढा.

स्वप्निल कुसाळे असलीच वापरतो का, असंही विचारलंय. नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं ज्या पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, तिथे दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्राच्या डायॉप्टर साइटनं नेम धरावा लागतो. तुमच्या रेंजवर 'एनी साइट' (कुठलीही साइट चालणारा) गट असेल तर त्यात तुमची अनर्टल चालेल.

बेसचं अंतर मोजलंत की इथेच लिहा, क्लिकचा हिशोब करून देतो.