मळ्यांच्या गावात कुंडीतली भाजी
परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. गच्चीवर भाजी लावायची माझी फार इच्छा आहे. पण घरात एकच सूर : मखमलाबाद-गिरणाऱ्याची ताजी भाजी दारात येते, थंडीत मेथीची जुडी मातीमोल होते, मग हा खटाटोप कशाला? त्यांना काय सांगू?

उत्तर : घरच्यांचं म्हणणं नाशिकपुरतं अगदी खरं आहे. म्हणूनच मेथी, कोबी, कांदा यांत कुंड्या अडकवू नका. कोबीचा एक गड्डा तीन महिने कुंडी अडवून बसतो आणि तसाच गड्डा इथे कुठल्याही हातगाडीवर मिळतो. आपण लावायचं ते बाजारात येता येता बिघडणारं, नाहीतर बाजारात येतच नाही असं.

टोमॅटोचंच बघा. गिरणाऱ्याचा, पिंपळगावचा माल लांबच्या गाड्यांत चढतो. त्यामुळे तो रंग धरू लागला की तोडतात आणि जातीही जाड सालीच्या, प्रवासात टिकणाऱ्या निवडतात. शेतकऱ्याचं त्यात काहीच चुकत नाही. पण घरचा पातळ सालीचा, आंबट देशी टोमॅटो झाडावर पूर्ण लाल होऊ दिला, तर त्याच्या साराला गुळाचा खडाही कमीच लागतो. मटारचं तर त्याहून पुढे. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिठूळ व्हायला लगेच सुरुवात होते. आमच्या सासूबाई सकाळी वेलाशी उभ्या राहून शेंगा सोलून खातात. त्यातल्या फार थोड्या स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि मला ते मनापासून आवडतं. चवळीचा कोवळा पाला, लाल भोपळ्याची फुलं, हवी तेव्हा खुडलेली अळूची चार पानं हे सगळं याच यादीतलं. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा एकदा हे ताटात वाढा.

गच्ची म्हणालात म्हणून वजनाचं आधी सांगते. बारा इंची पिशवीत साधारण वीस लिटर माती मावते आणि नुसती काळी माती भरून पाणी घातलं तर ती तीस किलोच्या पुढे जाते. शिवाय आपली काळी माती कुंडीत ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, मुळांना हवाच मिळत नाही. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घ्या. ओला कचरा घंटागाडीत जाऊ देऊ नका. दुप्पट सुका पाला मिसळून झाकण ठेवलंत तर दोन-तीन महिन्यांत खत होतं. पिशव्या गच्चीच्या मधोमध न मांडता तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर, विटांवर ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

मटार, पालक, गाजर यांचं बी नवरात्रापासून टाकता येतं. टोमॅटोची रोपंही तेव्हाच लावा. एप्रिलात पारा पस्तिशीच्या वर गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. तेव्हा कितीही खत घातलं तरी उपयोग नाही.

प्रश्न : इंदिरानगरला बंगल्याच्या अंगणात जूनमध्ये दुधी लावला. वेल मांडवभर झाला, फुलं भरपूर, पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळतात. खत कमी पडतंय का?

उत्तर : खत बहुधा जास्तच झालंय. मांडवभर हिरवागार पाला हे नत्राचं लक्षण आहे, तेव्हा शेणखत-युरिया काही दिवस थांबवा. पण फळ गळण्याचं खरं कारण वेगळं दिसतं : त्या फुलांना पराग मिळत नाही.

दुधीची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नर फूल लांब, बारीक देठावर येतं. मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आधीच असतो, तुम्ही बोटाएवढा म्हणता तोच. पराग पोचला तरच तो वाढतो, नाहीतर पिवळा पडतो. ही पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी. त्यांच्यावर येतात ते रात्रीचे पतंग आणि ते शहरात कमी. आपण सकाळी चहा घेऊन बागेत जातो तोवर फूल मिटायला लागलेलं असतं.

म्हणून दिवेलागणीला वेलाखाली जा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. चार-पाच दिवसांत देठ जाड झाला, दुधी हिरवागार राहिला की धरला म्हणायचं. पुढे पंधरवड्यात तो काढायला येतो. नख सहज रुतलं पाहिजे. मला वर्षभराच्या बागकामात ही वेळ सगळ्यात आवडते. अंधारात ती पांढरी फुलं लांबूनही दिसतात आणि शेजारची मुलं मादी फुलं शोधायला आपणहून येतात.

दोडक्याचंही फूल संध्याकाळचंच. गिलकं, कारलं, काकडी, लाल भोपळा मात्र सकाळी. त्यांच्याकडे मधमाश्या येतात, सहसा आपली गरज लागत नाही. नर फुलंच जास्त येत असतील तर मुख्य वेलाचा शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त लागतात.

फळ धरल्यावर त्याला जाळीची पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी डंख करते आणि दुधी वाकडा होऊन आतून सडतो. आणि हे कृपया घरात सगळ्यांना सांगा : चिरताना एक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो दुधी सरळ टाकून द्या, मीठ लावून पिळून वापरू नका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत.

प्रश्न : नाशिक रोडहून लिहिते. गिलक्याच्या पानांवर पांढरी भुकटी आली आहे. दिरांची निफाडला द्राक्षबाग आहे, ते म्हणाले ही भुरीच, आमचं उरलेलं औषध मार. मारू का?

उत्तर : दिरांनी रोग बरोबर ओळखला, पण औषध मारू नका. बागेतल्या औषधाचं प्रमाण एकरावर काढलेलं असतं, ते एका वेलासाठी चमच्याने मोजता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फवारणीनंतर माल किती दिवसांनी काढायचा हे ठरलेलं असतं. तुमचे दीर त्याला पीएचआय म्हणत असतील. द्राक्षाला ते दिवस पाळता येतात. गिलकं आपण दिवसाआड तोडतो, आज फवारलं तर परवा तेच कढईत जाईल. उरलेलं औषध गंधक असेल तर आणखी एक धोका : काकडीवर्गाच्या वेलांची पानं गंधकाने, विशेषतः ऑक्टोबरच्या उन्हात, करपतात.

जुनी, खालची, जास्त पांढरी पानं काढून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. वेल दाट असेल तर विरळ करा, वारं खेळू द्या. मग एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, पानांच्या दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून एकदा. सुरुवातीच्या भुरीवर हे चांगलं चालतं. शेंड्यापर्यंत पांढरं झालं असेल तर मात्र वेल काढा. त्या जागी वाल-पापडी लावा, थंडीत ती छान चढते.