१० बाय ११ च्या बेडरूममध्ये किंग साइज पलंग, वॉर्डरोब आणि ड्रेसिंग टेबल कसं बसवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बडोद्यात मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट. बेडरूम आतून १० बाय ११ फूट, पश्चिमेच्या ११ फुटी भिंतीत खिडकी, उत्तरेच्या भिंतीला दोन टोकांना दोन दारं, पूर्वेकडे हॉलचं आणि पश्चिमेकडे बाथरूमचं. तुम्ही दोघं, आणि पाच वर्षांचा मुलगा पहाटे येऊन मध्ये घुसतो. दुकानात पलंग, तीन दारी वॉर्डरोब आणि ड्रेसिंग टेबल असा सेट पसंत केलाय, बयाणा अजून दिलेला नाही. सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट भंगारात काढायचंय. आता हे सगळं कसं लावलं म्हणजे वावरायला जागा राहील आणि खोली दिसेलही छान?

बयाणा दिला नाहीत हे फार बरं केलंत. इतक्यात देऊही नका.

मी काही इंटिरियर डिझायनर नाही. लग्न होऊन दांडिया बाजारातल्या वाड्यात आले, तिथे बेडरूम नावाची वस्तूच नव्हती. सकाळी गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यात रचायच्या, त्यावर चादर टाकायची, की तीच खोली बैठकीची. पुढे कारेलीबागेत फ्लॅट घेतला आणि मीही तुमच्यासारखीच सेटवर भाळले. गुळगुळीत चकचकीत किंग साइज, खाली खण, उशाशी गादीची पाठ. खोलीत आणून ठेवला तेव्हा पलंगाचा कोपरा आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम दीड वीत फट उरली. आठव्या की नवव्या रात्री पाणी प्यायला उठले आणि करंगळीचं नख त्या कोपऱ्याला अर्पण केलं. पुढे महिनाभर चप्पल घालता येत नव्हती. तेव्हापासून कुठल्याही खोलीत गेले की मी आधी जमीन बघते, सामान नंतर.

म्हणजे असं की, आधी पाय कुठून कुठे जाणार ते ठरवायचं. पलंगावरून बाथरूमला, दारातून कपाटाशी, कपाटाशी उभं राहून मागे सरकायला, खिडकी उघडायला. या वाटा मोकळ्या ठेवून जे उरेल त्यात सामान. आपण उलट करतो. सामान लावतो आणि उरलेल्या फटीतून आयुष्यभर आडवे चालतो.

आता तुमच्या खोलीचा हिशेब. ११ फूट म्हणजे १३२ इंच, १० फूट म्हणजे १२०. किंग साइज गादी ७८ बाय ७२. चौकट, उशाकडची फळी धरून पलंग साधारण ८४ बाय ७६ होतो. वॉर्डरोब २४ इंच खोल असतो, कारण हँगरला तेवढं लागतं. उशी पूर्वेच्या भिंतीला आणि वॉर्डरोब उत्तरेच्या भिंतीला, दोन दारांच्या मधे, असं धरलं तर १३२ मधून ७६ आणि २४ गेले, राहिले ३२. हे ३२ सगळे वॉर्डरोबच्या बाजूला दिले तर पलंग दक्षिणेच्या भिंतीला चिकटणार आणि आतल्या माणसाला रोज रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागणार. दोन्हीकडे सारखे वाटले तर प्रत्येकी १६. मग वॉर्डरोबचं दार उघडेल, पण तुम्ही कुठे उभ्या राहणार? शिवाय तीन दारी वॉर्डरोब सहा फुटी असतो आणि तुमच्या दोन दारांच्या मधे तेवढी भिंतच नाही. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून तिथे साडेतीन फुटांच्या आसपास जागा दिसते.

वॉर्डरोब पायथ्याशी, खिडकीच्या भिंतीला? १२० मधून ८४ गेले की ३६. त्यात २४ चं कपाट. उरलेल्या १२ इंचात मांजर जाईल. आणि खिडकीही गेली.

म्हणून क्वीन घ्या. गादी ७८ बाय ६०, पलंग साधारण ८४ बाय ६४. मुलगा पहाटे दोन तास येतो तेवढ्यासाठी एक फूट जास्त पलंग घेण्यात अर्थ नाही. तो आणखी तीन वर्षांत तुमच्या शेजारी झोपायला तयारही होणार नाही.

आणि आता जी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल ती: सासूबाईंचं कपाट ठेवा. जुनं लोखंडी कपाट तीन फूट रुंद असतं आणि खोल जेमतेम १९ इंच. नव्या वॉर्डरोबपेक्षा पाच इंचांनी उथळ. त्याचं एकेक दार दीड फुटाचं, म्हणजे उघडायलाही कमी जागा खातं. ते दोन दारांच्या मधल्या भिंतीला बरोबर बसेल. मग हिशेब असा: कपाट १९, समोर चालायला ३३, पलंग ६४, आणि दक्षिणेकडे १६. बेरीज १३२. पायथ्याशी खिडकीपर्यंत तीन फूट मोकळे. सोळा इंचांच्या बाजूला नवरोबा झोपतील, आडवं होऊन निघतील पायथ्याकडून. तुमची बाजू मोकळी, कारण मुलासाठी रात्री उठणार कोण हे आपल्या दोघींना माहीत आहे.

कपाट भंगारासारखं दिसतं, ही तुमची तक्रार. रंगवून घ्या. गाड्या रंगवणाऱ्याकडून स्प्रेचा रंग मारून घेतला की ओळखू येत नाही. माझं खाकी होतं, आता मोरपंखी आहे, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, 'क्यांथी लीधुं?', म्हणजे कुठून घेतलं? हँगर त्यात थोडे तिरपे लावावे लागतात, पण साड्यांना हँगर लागतो कुठे? दाराला आरसा असेलच, मग ड्रेसिंग टेबलही यादीतून कटाप. बांगड्या-कुंकवाला एक उथळ लाकडी फळी ठोकून घ्या, पण कपाटाच्या दाराला नाही, खोलीच्या दाराला आतून. तिथेच चार खुंट्या. खोलीत खुर्ची ठेवलीत तर ती तीन दिवसांत कपड्यांचा ढीग होणार. हा अनुभव घराघरातला आहे, खुंट्यांनी तो निम्मा तरी टळतो.

उशी पूर्वेलाच का, तर पश्चिमेची भिंत. बडोद्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४२-४३ ला सहज जातो. दुपारभर तापलेली बाहेरची भिंत ती उष्णता लगेच सोडत नाही, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते. त्या भिंतीला डोकं लावून झोपणं म्हणजे तव्याशेजारी झोपणं. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा आपल्याकडे नैऋत्येचा, तो तुमच्या खिडकीतून शिरून तिरपा हॉलच्या दाराने बाहेर पडेल. वाटेत कपाट येत नाही, पलंग खालीच असतो. वारा हा या खोलीतला सगळ्यात चांगला ऐवज आहे, त्याच्यासमोर काही उभं करू नका.

पलंग पायांचा घ्या, खोक्याचा नको. खाली हायड्रॉलिक खण असला की सोय होते असं वाटतं, पण तो उघडायला गादी उचलणार कोण? माझ्या त्या पहिल्या पलंगाच्या पोटात एक इडलीपात्र अकरा वर्षं होतं. पायांचा पलंग असला की झाडू आरपार जातो, आणि खालची फरशी दिसत राहिल्याने लहान खोली मोठी वाटते. दिसण्याची युक्ती म्हणाल तर ही सगळ्यात स्वस्त. माझी धाकटी नणंद विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिच्या खोक्याच्या पलंगाचं प्लाय फुगून पापडासारखं सुटलं, आणि शेजारणीचा सागवानी चार पायांचा पलंग धुऊन वाळवून आजही वापरात आहे. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, तुम्हाला पुराची भीती नाही, पण प्लायचंच काही करून घेणार असाल तर मिस्त्रीला ७१० नंबरचं प्लाय म्हणून सांगा. ते पाण्याला टिकतं. ३०३ नंबरमधलं 'एमआर' लिहिलेलं नुसती दमट हवा सोसतं. शिक्का शीटवर छापलेला असतो, कापायच्या आधी बघून घ्या. कापल्यावर सगळी सारखीच दिसतात.

कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन बोटं सोडा. पावसाळ्यात मागे बुरशी धरते ती हवा न खेळल्यामुळे.

आता खरं काम, आणि हे या रविवारीच करा. घरात रद्दी असेलच. पेपरची पानं चिकटपट्टीने जोडून पलंगाच्या मापाचा, ८४ बाय ६४ चा, एक मोठा कागद करा. दुसरा ३६ बाय १९ चा कपाटाचा. रिकाम्या खोलीत फरशीवर पसरा, कडा चिकटवा. मग दिवसभर त्या खोलीत असेच वावरा. कपाटाच्या कागदासमोर उभ्या राहून दार उघडल्यासारखा हात करा, वाका, खालच्या खणातून काही काढल्यासारखं करा. मागे पाय कागदावर पडतो का? रात्री दिवे घालवून कागदावर झोपा आणि उठून बाथरूमला जा. आमच्याकडे असं केलं तेव्हा मुलं हसत होती, पण त्या एका रात्रीत कळलं की ज्या बाजूला मी झोपणार होते तिथून पाय थेट दाराच्या पट्टीवर येत होता. पलंग सात इंच सरकवला. कागद सरकवायला काही पडत नाही, पलंगाला चार माणसं लागतात.

कागद पसरलेला असतानाच पंख्याच्या हुकाला दोरा बांधून खाली एक नट लोंबवा. तो नट जिथे येईल तिथे पंख्याचा मध्य. तुमच्या मांडणीत तो गुडघ्यांच्या आसपास येईल. ४८ इंचाच्या पंख्याला ते चालतं. तोंडावर नसलेला बरा, सकाळी घसा कोरडा पडत नाही. एसी डोक्यावरच्या भिंतीला लावू नका. आमचा होता. पाण्याची नळी तुंबली आणि मध्यरात्री उशीवर ठिबक सुरू झालं, ह्यांना वाटलं छत गळतंय. दक्षिणेच्या भिंतीवर पायांकडच्या टोकाला लावा, झोत पायांवरून आडवा जाईल. दिव्याचं एक बटण दाराशी आणि त्याच दिव्याचं दुसरं पलंगाशी, हे वायरमनला रंगाच्या आधी सांगा. नंतर भिंत फोडावी लागते.

सासूबाई दिशेचं विचारतील. पूर्वेला डोकं सगळ्यांना मान्य असतं, तेव्हा तिथे तुमची सुटका. आरसा पलंगासमोर नको म्हणतील तर वाद घालू नका. कपाटाचा आरसा पलंगाच्या बाजूला येतोय, रात्री त्यावर एक छोटा पडदा ओढून घ्या. आमच्या सासूबाईही घालायच्या. आणि रात्री गाडीचे दिवे त्यात चमकत नाहीत हा फायदा मला नंतर कळला.

दिसण्याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय आणि मला सगळ्यात कमी सांगायचंय. एका रंगाचा जुळणारा सेट दुकानात शोभतो. घरात एकच वस्तू डोळ्यात भरावी, बाकीच्यांनी गप्प बसावं. आपण बडोद्यात राहतो, संखेडा इथून तास-दीड तासावर आहे. तिथलं फर्निचर म्हणजे संघाड्यावर, लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, घडवलेलं सागवान, त्यावर लाखेचा लाल-तपकिरी रंग आणि सोनेरी नक्षी. त्यांचं एक बुटकं स्टूल आणा, खिडकीच्या कोपऱ्यात ठेवा, थेट ऊन लागणार नाही असं. उशाशी ठेवायला दक्षिणेच्या सोळा इंचांत टेबल नको, भिंतीत आठ इंचांची फळी पुरे, चष्मा आणि पाण्याचा तांब्या मावतो. पडदे मंगळ बाजारातून सुती घ्या, खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर रुंद, म्हणजे सरकवले की काच पूर्ण मोकळी होते. दिवा पिवळसर. झोपाळा बेडरूममध्ये हवा असं तुमच्या मिस्टरांचं म्हणणं दिसतंय. त्यांना प्रेमाने गॅलरी दाखवा. झोपाळ्याला पुढेमागे मिळून आठ फूट लागतात.

आणि पलंग ठरवण्याआधी लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप घ्या. उशाकडची फळी बोल्ट काढून सुटी होते का, हे दुकानदाराला विचारा. आमची होत नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरखंडाने वर ओढली, खाली अख्खी सोसायटी चहाचे कप घेऊन उभी होती, आणि तळमजल्यावरचे काका तेवढा वेळ 'जरा डाबी बाजू, डाबी बाजू', म्हणजे डावीकडे, म्हणून ओरडत होते. फळीवरचा तेव्हाचा ओरखडा अजून आहे, उशीमागे झाकला जातो.