डेव्हिलफिश : सैतान नाही, मासाही नाही

प्रश्न : स्कॉट ओडेल यांच्या 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' (१९६०) या कादंबरीत बेटावर एकटी उरलेली कराना एका 'डेव्हिलफिश'च्या मागे लागते. तो कोण? कोशात पाकट, म्हणजे तो चपटा, रुंद मासा, दिलं आहे. मुलीला काय सांगू?

ऑक्टोपस. पाकट नव्हे. गोष्टीतल्या प्राण्याला लांब हात आहेत, हातांवर चोषक आहेत. पाकटाला हात कुठले? या डेव्हिलफिशसाठी भाला करायचा तर टोकाला सागरी हत्तीचा, म्हणजे एका अजस्र सीलचा, सुळा हवा, म्हणून ती पोर जिवावर उदार होते. एवढं समोर असताना लोक गोष्ट सोडून कोश उघडतात आणि पहिला अर्थ उचलून मोकळे होतात. कोशाचं चूक नाही. डोक्यावर शिंगांसारखे पडदे असलेल्या मोठ्या पाकटालाही हेच नाव आहे. बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत शिकार करणारे देवमासेमार तर करड्या देवमाशालाच डेव्हिलफिश म्हणत, कारण पिल्लावर बेतलं की मादी होड्या फोडायची. आपल्या देवमाशाचा तिकडे सैतान झाला!

आणि कृपा करून 'सैतान मासा' म्हणू नका. हे भाषांतर ऐकून कान किटले. जेलीफिश, स्टारफिश, कटलफिश यांतला मासा कोण, सांगा पाहू.

खरी मौज पुढे आहे. १८६६ साली व्हिक्टर ह्यूगोने गर्न्सी बेटावरच्या हद्दपारीत लिहिलेल्या कादंबरीत नायकाची झुंज ऑक्टोपसशी लावली आणि त्याला तिथल्या बोलीतलं नाव दिलं : 'प्यव्र'. फ्रेंचांचा 'पुल्प' होताच, पण हा गावठी शब्द असा रुळला की आता दोन्ही चालतात. मूळ दोघांचं एकच, ग्रीक 'पॉलिपूस', म्हणजे पुष्कळ पायांचा. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकात 'पॉलिप' झालाय म्हणतात ना, तोही हाच! नाकातल्या वाढीला ग्रीक वैद्यांनीच हे नाव दिलं. ह्यूगोच्या इंग्रजी अनुवादात या 'प्यव्र'चा 'डेव्हिलफिश' झाला, आणि इंग्रजी गोष्टींतल्या ऑक्टोपसाला हे नाव चिकटलं ते तिथूनच, असं माझं ठाम मत. नाव मच्छीमारांचं, ह्यूगोचा काय संबंध, असं म्हणणारे विद्वान आहेत. असोत. शब्द बंदरात जन्मतो हे कबूल, पण त्याला गावोगाव नेतं पुस्तकच.

माकूलही सांगू नका. कोकणात माकूल म्हटलं की ताटात वेगळाच प्राणी येतो, स्क्विड. राहिला शुद्धिप्रेमींचा 'अष्टपाद'. संस्कृत कोशांत अष्टपाद म्हणजे कोळी, जाळं विणणारा, नाहीतर शरभ, तो पुराणातला आठ पायांचा पशू. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर हत्ती पंजात धरून बसलाय तो. त्याच्या चहूबाजूंना समुद्र आहे हे मान्य, पण म्हणून त्याला पाण्यात का ढकलायचं?