पुरुमेंत, फिर्गज आणि पवित्र आत्म्याचे फेस्त

प्रश्न : फोंड्याचे एक वाचक विचारतात : ‘मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या “पुरुमेंत फेस्त”ची बातमी दरवर्षी वाचतो. हा शब्द आपल्या “पुरवणे”, “पुरवठा” यांवरूनच आला असणार ना? पवित्र आत्म्याच्या सणाशी सुक्या मासळीचा काय संबंध? “फेस्त” तो, ती की ते? “नोव्हेना”चेही लिंग सांगावे.’

उत्तर : पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच करून ठेवायची साठवण. ‘पुरवठ्या’शी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. उन्हाळा आला की ही व्युत्पत्ती कोणी तरी नव्याने शोधून काढतो आणि मग ती हातोहात फिरते. तिच्या जोडीला आता ‘पुरुमेंत सेल’ आणि ‘पुरुमेंत महोत्सव’ आले आहेत. दिवाळीच्या तोंडावर मसाले विकायचे असले तरी पाटीवर पुरुमेंतच. शब्द असा मोकाट सोडला की त्याचे घरदार सुटते. पुरुमेंताला ठरलेला हंगाम आहे आणि मडगावात त्याला ठरलेली इगर्जही (चर्च) आहे, म्हणून आधी तिथेच जाऊ.

ईस्टर हा पहिला दिवस धरून मोजले की पन्नासावा दिवस पेंतेकोस्तचा. प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला तो हा दिवस. ग्रीक ‘पेंतेकोस्ते’ म्हणजे ‘पन्नासावी’. आपल्या ‘पंचाशत्’चीच ती दूरची बहीण. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे पेंतेकोस्त १० मे ते १३ जून या पट्ट्यात पडतो. २०२४ मध्ये तो १९ मे रोजी होता, २०२५ मध्ये ८ जूनला, २०२६ मध्ये २४ मेला. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो. मडगावची इगर्ज पवित्र आत्म्याला वाहिलेली (आज दिसते ती इमारत १६७५ ची), म्हणून गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या या मुख्य इगर्जीचे फेस्त (सण) नेमके पावसाच्या तोंडावर. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नद्या फुगायच्या, वाटा बंद व्हायच्या. आजही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असतेच. त्याआधी सगळी सासष्टी एका जागी जमण्याचा दिवस हाच. सुकी मासळी इगर्जीपुढे येऊन बसली ती यामुळे. संबंध पंचांगाचा आहे.

आता व्युत्पत्ती. दोन चुकीची मते आधी बाजूला करू.

पहिले ‘पुरवणे’वाल्यांचे. त्यांना एकच विचारायचे : शब्दाच्या शेवटचे ‘मेंत’ कुठून आणलेत? मराठीत किंवा कोंकणीत असा प्रत्यय नाही. अर्ध्या शब्दाची व्युत्पत्ती सांगून उरलेला अर्धा वाऱ्यावर सोडणे याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. दुसरे मत जरा शिकलेल्यांचे आणि म्हणून अधिक घातक. ते म्हणतात, पोर्तुगीज ‘प्रोव्हिझांव’वरून. अर्थ जुळतो, भाषाही बरोबर, पण कोंकणीत पोर्तुगीजच्या त्या शेवटच्या अनुनासिकाचे काय होते ते त्यांनी पाहिलेले नाही. त्याचा ‘आंव’ होतो, आणि ठामपणे होतो : किरिस्तांव (ख्रिस्ती), बेसांव (आशीर्वाद), देवोसांव (भक्ती), सांजांव (संत जॉनचा सण). मराठीनेही पोर्तुगीज ‘लेइलांव’चा ‘लिलाव’ केला, अनुनासिक गेले तरी ‘आव’ राहिला. त्या हिशेबाने ‘प्रोव्हिझांव’चे ‘पुरुजांव’ असे काही तरी झाले असते. ‘मेंत’ होण्याचा प्रश्नच नव्हता.

मूळ आहे ‘प्रोव्हिमेंतो’ : साठा, शिधा, तरतूद. शेवटचा स्वर गळाला की ‘मेंत’ उरतो, जसा ‘साक्रामेंतो’चा साक्रामेंत (संस्कार). वेदीवरचा साक्रामेंत आणि फडताळातला पुरुमेंत एकाच लॅटिन प्रत्ययाचे.

राहिला ‘प्रो’चा ‘पुर’. इथेच ‘पुरवणे’वाल्यांना मोह होतो आणि इथेच त्यांचे मत कोसळते. एक तर आघात नसलेला ‘ओ’ पोर्तुगीज माणूस स्वतःच ‘उ’सारखा उच्चारतो. कोंकणीने तो ऐकला तसा घेतला : कोझिन्याचे कुजीन (स्वयंपाकघर), कोंफेसारचे कुमसार (पापकबुली), कोमुंगारचे कुमगार (कम्युनियन). दुसरे म्हणजे व्यंजनाला चिकटलेला ‘र’ कोंकणी जिभेला पुष्कळदा नको असतो. ती त्याला स्वराच्या पलीकडे नेऊन बसवते. ‘प्रोसिसांव’, म्हणजे फेस्ताची मिरवणूक, हिचे पुर्शांव झाले. त्या ‘पुर’मध्ये कोण काय पुरवतो? ‘इग्रेजा’चे इगर्ज झाले : ‘ग्रे’ गेला, ‘गर्’ आला. ‘फ्रेगेझिया’चे फिर्गज झाले : ‘फ्रे’ गेला, ‘फिर्’ आला. पुर्शांव, इगर्ज, फिर्गज, पुरुमेंत ही चार भावंडे एका रांगेत उभी केली की चेहरा लपत नाही. चारही शब्द इगर्जीच्या आवारातले आहेत, हेही लक्षात घ्यावे. अर्थाच्या मागे धावणारा फसतो तो इथे. सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द १९१३ मध्ये कोशात मांडून ठेवले, त्यालाही आता शतक उलटले. एवढी सामग्री हाताशी असताना ‘पुरवणे’वर अडून बसणे मला समजत नाही.

‘प्रोव्हिमेंतो’च्या पोटात लॅटिन ‘प्रोव्हिदेरे’ आहे : ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘व्हिदेरे’ म्हणजे पाहणे. पुढचे पाहून ठेवणे. याच धातूपासून पोर्तुगीज ‘प्रोव्हिदेन्सिया’ येतो, म्हणजे देवाने आपल्या लेकरांसाठी आधीच करून ठेवलेली तजवीज. माझे मत असे, आणि ते मी सोडणार नाही, की पुरुमेंत तगला तो या शेजारामुळे. पोर्तुगीज कारभारातले कितीतरी शब्द कागदावरच विरले. हा घराघरांत राहिला, हिंदू घरांतही राहिला. पाद्रीने पुल्पितावरून (प्रवचनाच्या चौथऱ्यावरून) देवाच्या प्रोव्हिदेन्सियेवर बोलावे आणि बाहेर पायऱ्यांखाली माणसांनी प्रोव्हिमेंतो भरावे, असे वर्षानुवर्षे एकाच रविवारी होत आले, तर दोन्ही शब्द एकमेकांना धरून राहणारच. मराठीचा जोडीदार शब्द आहे ‘बेगमी’, आणि तो फारसीतला : बे-गम, चिंता नसलेला. पावसाळ्याची बेगमी म्हणजे साठा, आणि तो केल्यावर येणारी निश्चिंतीही. पोर्तुगीज शब्द साठा करण्याआधीची नजर सांगतो, फारसी शब्द साठा झाल्यानंतरचे मन. गोव्याच्या मराठी माणसाकडे दोन्ही आहेत, मग ‘मान्सून शॉपिंग’ कशाला?

पुरुमेंत म्हणजे खरेदी, हाही गैरसमज. खरेदी ही सुरुवात. फेस्ताच्या फेरीतून (जत्रेच्या बाजारातून) सुकी सुंगटे (कोळंबी), गालमो (जवळा), खारवलेले बांगडे, मिरच्या, कांदे, सोला (आमसुले), चिंच, जाडे मीठ, उकडे तांदूळ घरी आले की खरे काम सुरू होते. चिंचेचेच घ्या. टरफल आणि शिरा ओढून काढायच्या, मग एकेक चिंचोका काढायचा. इथे आळस केला तर श्रावणापर्यंत गोळा आतून पोखरलेला निघतो, कारण किडा बहुधा चिंचोक्यातच असतो. मग जाडे मीठ लावून दोन-तीन कडक उन्हे द्यायची, हाताने दाबून गोळे करायचे आणि चिनी मातीच्या बरणीत भरायचे. धातूच्या डब्यात नाही, आंबटाने डबा खाल्ला जातो. सुंगट कडकन मोडले पाहिजे. नुसते वाकले तर आत ओल आहे आणि पहिल्या झडीत त्याला बुरशी धरणार. मिरचीचे देठ साठवताना काढू नयेत, तिथूनच दमट हवा आत शिरते. हे सगळे मिळून पुरुमेंत. बार्देश तालुक्यात म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या (चमत्कारांच्या मातेच्या) फेस्तालाही असाच माल येतो. ते फेस्त ईस्टरनंतर तिसऱ्या सोमवारी, म्हणून बार्देशाला वाळवायला उन्हे जास्त मिळतात.

वर ‘फिर्गज’ आला, त्याला हात न लावता पुढे जाणे जमणार नाही. फिर्गज म्हणजे पॅरिश, एका इगर्जीच्या हद्दीतला समाज. वसईची मराठी कॅथलिक मंडळी ‘धर्मग्राम’ म्हणतात, तोही चांगला घडवलेला शब्द. पण फिर्गजात काय आहे पाहा. पोर्तुगीज ‘फ्रेगेस’ हा लॅटिन ‘फिलियुस एक्लेझिए’ या दोन शब्दांचा आटून झालेला एक शब्द : ख्रिस्तसभेचे लेकरू. मधली पायरी स्पॅनिशमध्ये आजही जिवंत आहे, ‘फेलिग्रेस’. आणि ‘इग्रेजा’ त्याच ‘एक्लेझिया’तून आलेला. म्हणजे ‘फिर्गज’ मधला ‘गज’ आणि ‘इगर्ज’ मधला ‘गर्ज’ मुळात एकच! फिर्गजकार हा शब्द उच्चारताना आपण त्या माणसाला इगर्जीचे लेकरू म्हणत असतो. पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेस’चा दुसरा अर्थ दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक. पेंतेकोस्तच्या रविवारी मडगावात मीस (मिस्सा) आटपून फेरीत उतरणारा माणूस दोन्ही अर्थांनी फ्रेगेस असतो.

म्हणूनच ‘पुरुमेंत फेस्त’ला नुसता बाजार समजू नये. त्या फेरीच्या मागे फिर्गज उभी असते. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना. बहुतेक फिर्गजांत हे दिवस वाड्यांना वाटून दिलेले असतात आणि ज्या वाड्याचा दिवस त्याने वाचन, गायन, अर्पणाची रांग, वेदीची फुले आणि झाडलोट सांभाळायची. गोंधळ होतो तो गायनात : वाड्याचे गायक मूळ गायनवृंदाबरोबर आधी एकदाही बसलेले नसतात आणि सूर दोघांचे दोन निघतात. नोव्हेना सुरू होण्यापूर्वी एक सामाईक तालीम घेतली की हे टळते. फेस्ताचा प्रेजिंत (अध्यक्ष) आणि मोर्दोम (मानकरी) खर्च उचलतात. पुर्शांवात खुरीस (क्रूस) सर्वांत पुढे, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, मागे दोन रांगांत कोंफ्रारीतले (इगर्जीच्या धर्मबंधुसंघातले) लोक ओपमूस घालून. हा ‘ओपा’ आणि ‘मुर्सा’, झगा आणि त्यावरची आखूड खांदेपट्टी, यांचा जोडशब्द. पाद्रीचे वस्त्र त्या दिवशी लाल, प्रेषितांवर उतरलेल्या अग्निजिव्हांचे.

‘आत्मा’ शब्दाबद्दलही एक सांगतो, कारण बातम्यांत ‘चर्चमध्ये आत्म्याचा संचार’ असले मथळे आले की वाईट वाटते. मराठीत संचार होतो तो अंगात येणाऱ्याचा. पवित्र आत्मा उतरतो, भरतो, दाने देतो. करिष्माई प्रार्थनागटांत लोक हात उंचावून मोठ्याने स्तुती करतात, न कळणाऱ्या भाषांत बोलतात, तेव्हाही त्यांच्या बोलण्यात शब्द ‘भरणे’ हाच असतो. गोव्याच्या जुन्या कोंकणी प्रार्थनांत खुरसाची खूण ‘इस्पिरिता सांताच्या नांवान’ अशी होती. मिशनऱ्यांनी पोर्तुगीज नाव तसेच ठेवले आणि भलतेच अर्थ आत येऊ दिले नाहीत. आता ‘पवित्र आत्मो’ रुळला आहे आणि तो मराठी वाचकालाही लगेच कळतो, म्हणून मराठीत ‘पवित्र आत्मा’च लिहावे, ‘पवित्र’ हे विशेषण मात्र कधीही गाळू नये.

राहिले लिंग. फेस्त ते : पोर्तुगीज ‘फेस्ता’ स्त्रीलिंगी असली तरी शेवटचा स्वर गेल्यावर कोंकणीने तिला नपुंसकलिंगात घेतले, जसे ‘मिस्सा’चे ‘सकाळचें मीस’. मराठीत ‘ते फेस्त, ती फेस्ते’, ‘घर’ चालवतो तसे. इगर्ज मात्र ती, आणि खुरीस तो. वसईकडे मिस्सा म्हणतात, त्यांचेही बरोबर. नोव्हेना मराठीत स्त्रीलिंगी चालवावी. तिच्यातला ‘नोव्ह’ आणि नवरात्रातला ‘नव’ एकाच मुळाचे आहेत. आणि लिहिताना ‘पुरुमेंत फेस्त’ असे दोन शब्द नुसते शेजारी ठेवू नयेत. ‘पुरुमेंताचे फेस्त’ लिहावे, ‘मे’वर अनुस्वार देऊन.